भेट मिळालेला लाकडी पाइप कुठला? सांध्यांवरून ओळखायची रीत

जुना लाकडी पाइप भेट आला की घरात तीन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी तो ओल्या फडक्यानं पुसतं, कुणी खोबरेल चोळतं, आणि कुणी तोंडात धरून फोटो काढतं. ओळख पटेपर्यंत हे तिन्ही थांबवा. ओल्या फडक्यानं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश पांढरं पडतं. तेलानं सगळ्या लाकडाचा रंग एकसारखा गडद होतो आणि पेअर कुठलं, चेरी कुठलं हे कळेनासं होतं. तोंडात धरण्याबद्दल एवढंच सांगतो, की आधीच्या मालकाची लाळ आणि डांबर आतल्या भोकात वाळून बसलेलं असतं, आणि काही पाइपांवरच्या राखाडी नक्षीत शिसंही असतं.

दुसरी चूक पाहण्यातली. पाइपावर दाढीवाला शिकारी कोरलेला असतो, मणी ओवलेले असतात, गोंडा लोंबत असतो, आणि लोक त्या नक्षीवरून देश ठरवतात. नक्षी कुणीही कुठेही कोरतो. पाइप खरं बोलतो तो सांध्यांतून. धूर ओढायच्या प्रत्येक साधनाला तीन अडचणी सोडवाव्या लागतात: आगीनं भांडं जळू नये, धुरासोबत येणारी ओल तोंडात येऊ नये, आणि तंबाखू किंवा ठिणगी भलतीकडे जाऊ नये. आपल्या चिलमीत हे सोडवलेलंच आहे. आगीसाठी भाजलेली माती, तंबाखू खाली येऊ नये म्हणून आत खडा, धूर गार करून गाळायला ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा. लाकडी पाइप बनवणाऱ्यांनी याच तीन अडचणींना वेगवेगळी उत्तरं शोधली, आणि उत्तर कोणतं यावरून मुलूख कळतो.

लागणारं सामान

सेंटिमीटरची पट्टी (व्हर्नियर असेल तर उत्तम), दहापट दाखवणारं भिंग, बारीक झोताची बॅटरी, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, लोहचुंबक, मऊ ब्रश, पांढरा आणि काळा कागद, कापूस गुंडाळलेल्या काड्या. नळी तपासायला पाइप क्लीनर. तो नसेल तर तांब्याच्या बारीक तारेला सुती दोरा गुंडाळून घ्या, तारेचं टोक मात्र वळवून बोथट करा.

आधी फोटो. दोन्ही बाजू, वरून, खालून, वाटीच्या आत, तोंडाकडच्या टोकाचं भोक, आणि जिथे जिथे अक्षर किंवा ठसा आहे तिथे तिरप्या उजेडात जवळून. प्रत्येक फोटोत पट्टी हवी. ज्यांनी भेट दिली त्यांना लगेच विचारा: कुठून घेतला, कुणाचा होता, डबी किंवा पिशवी होती का. पाइपाची मूळ डबी हरवते, पण तिच्या अस्तरावर दुकानाचं आणि गावाचं नाव छापलेलं असू शकतं, म्हणून डबी टाकू नका.

या लेखात तंबाखू भरायच्या भागाला वाटी, लाकडाच्या किंवा बांबूच्या लांब भागाला नळी आणि तोंडात धरायच्या टोकाला तोटी म्हटलं आहे.

सुटा करणं

पाइप किती भागांचा आहे हा पहिला निर्णायक प्रश्न. पण सुटा करतानाच सर्वांत जास्त पाइप फुटतात. वाटी धरून पिळू नका. सांध्याच्या दोन्ही अंगांना, सांध्याला खेटून धरा. आधी अगदी हलक्या हातानं घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. सांध्यात फट पडू लागली तर आत आटे आहेत, तसंच फिरवत बाहेर काढा. नुसतं फिरतंय आणि फट पडत नाही, तर तो दाबून बसवलेला कुसू आहे, म्हणजे एका भागाचं दुसऱ्याच्या खाचेत शिरणारं टोक. मग थोडं पिळत सरळ रेषेत ओढा, वाकवू नका. काहीच हलत नसेल तर तिथेच थांबा.

आपल्याकडे यात ऋतूचा भाग मोठा आहे. युरोपातल्या कोरड्या, तापवलेल्या घरात वर्षानुवर्षं राहिलेला पाइप जूनमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत उतरला की आठवड्याभरात लाकूड फुगतं आणि कुसू खाचेत जाम होतो. अशा वेळी जोर लावला तर खाचेची भिंत उभी चिरते. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ द्या, बहुतेक सांधे आपणहून सैल होतात. विदर्भातल्या मे महिन्यात याच्या उलट. लाकूड आकसतं, सांध्यावरची धातूची कडी सैल पडते, आणि जुन्या सांध्यातलं बुचाचं वेष्टन भुगा होऊन गळतं. तो भुगा फेकू नका, बुचाचा वापर हीसुद्धा खूण आहे.

सुट्या भागांपैकी कुसवाकडे नीट पाहा. हाडाचा, आटे पाडलेला, पिवळट स्क्रू निघाला तर पाइप साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा विसाव्याच्या सुरुवातीचा असण्याची शक्यता वाढते. तोटीतूनच काढलेला गुळगुळीत गोल कुसू असेल तर तो नंतरच्या कारखानदारीचा. पांढऱ्या प्लास्टिकचा कुसू म्हणजे अलीकडचा पाइप किंवा अलीकडची दुरुस्ती.

मापं बोलतात

युरोपीय घडणीचा रोजच्या वापराचा पाइप १३ ते १५ सेंटिमीटर लांब, ३० ते ६० ग्रॅम वजनाचा, वाटीचा आतला व्यास १८ ते २० मिलिमीटर, खोली ३५ ते ४० आणि धुराचं भोक साधारण ४ मिलिमीटर असतं. तुमच्या पाइपाची मापं याच्या आसपास असतील तर आकार कितीही विचित्र असला तरी तो याच कुळातला.

मापं फार वेगळी निघाली तर आधी हा पाइपच आहे का ते तपासा. आतलं भोक सरळ नळकांड्यासारखं ८ मिलिमीटरचं असेल तर ती सिगारेटची होल्डर. १२ ते २० मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूला किंचित पसरट असेल तर सिगारची. वाटी बोटाच्या पेरापेक्षा बारीक, धातूची, नळी बांबूची आणि दुसरं टोकही धातूचं असेल तर तो जपानी किसेरू, ज्यात केसासारखी बारीक चिरलेली तंबाखू चिमूटभर भरतात. जाड बांबूच्या नळीवर, टोकाला नाही तर मध्येच कुठेतरी, मातीचं बंद भांडं बसवलेलं असेल आणि त्याला सुईएवढंच भोक असेल, तर ते अफूचं साधन आहे. त्यात तंबाखू भरताच येत नाही.

वाटीत बॅटरी धरा आणि तोटीकडून पाहा. नंतर तार सरकवा. शोभेच्या वस्तूत भोक अर्ध्यावर संपतं, किंवा वाटीच्या तळाला न येता मधल्या भिंतीत निघतं. वाटी १५ मिलिमीटरपेक्षा उथळ असेल आणि तिच्या आत वॉर्निश चमकत असेल, तर ती भिंतीवर टांगायला केलेली आहे. वॉर्निशमध्ये कुणी तंबाखू पेटवत नाही.

लाकूड

खरं लाकूड बाहेर दिसत नाही, कारण बाहेर रंग असतो. सांध्याच्या खाचेत, झाकणाच्या बिजागरीखाली, वाटीच्या कडेच्या आतल्या अंगाला पाहा.

ब्रायर हे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कापून, पाण्यात उकळून, महिनोन्महिने वाळवतात, म्हणून आगीत टिकते. ओळखायची खूण म्हणजे एका अंगाला मोहरीएवढे ठिपके आणि त्याच्या काटकोनातल्या अंगाला ज्वाळांसारख्या उभ्या रेघा. सागासारखी उघडी छिद्रं कुठेही दिसत नाहीत. फ्रान्समध्ये ज्युरा डोंगरातल्या सें-क्लोद गावात ब्रायरचे पाइप १८५०च्या दशकात बनू लागले. त्यामुळे ब्रायरची वाटी दाखवून कुणी ‘अठराव्या शतकातला’ म्हणालं तर हसून सोडून द्या.

त्याआधी आणि डोंगराळ मुलखात त्यानंतरही, हाताशी असेल ते लाकूड वापरलं जायचं. पेअर गुलाबी छटेचं तपकिरी, इतकं एकसारखं की रेषा शोधाव्या लागतात; बारीक जडावकामाला उत्तम. मेपलच्या गाठीत पक्ष्याच्या डोळ्यांसारखे गोल उठतात. बॉक्सवूड फिकट पिवळं आणि हाताला अनपेक्षित जड. ऑलिव्ह पिवळसर, त्यात गडद तपकिरी नागमोडी पट्टे. चेरीची साल बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेली असते: चकचकीत, लालसर, आडव्या बारीक चिरांची. काळं लाकूड असेल तर खाचेत नखानं हलकं खरवडा. आत पिवळं दिसलं तर शाई लावलेली आहे. आतही काळं आणि उघड्या छिद्रांच्या लांब रेघा असतील तर दलदलीत शेकडो वर्षं गाडलं गेलेलं ओक.

आणि आपलं शिसवी. गडद-फिकट पट्टे, उघडी छिद्रं, पितळी तार किंवा पितळी पानफुलं ठोकलेली. सहारनपूरसारख्या ठिकाणच्या या कामाचे पाइप परदेशात विकले जातात आणि तिथून ‘प्राचीन पौर्वात्य पाइप’ होऊन भेट म्हणून परत भारतात येतात. यंत्रावर कातलेल्या समान कड्या, आतून-बाहेरून एकसारखं मेणपॉलिश आणि वाटीत काजळीचा मागमूस नाही, हे तिन्ही एकत्र दिसलं की समजा.

ब्रायर सोडून बाकी बहुतेक लाकडं थेट आगीत जळतात. म्हणून जुन्या लाकडी वाटीला आतून अस्तर असतं: लोखंडी किंवा पितळी पत्रा, कधी माती, कधी मीरशॉम नावाचा पांढरा, सच्छिद्र, हलका दगड, जो तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ निघतो. चुंबक वाटीच्या आत न्या. लोखंडी अस्तर काजळीखाली लपलेलं असतं, चुंबक ते लगेच सांगतो. साध्या मऊ लाकडाची, अस्तर नसलेली आणि न जळलेली वाटी म्हणजे शोभेची.

तोटी

मराठीत आपण गाईचं तेही शिंग आणि हरणाचं तेही शिंग म्हणतो, इथे मात्र फरक करावा लागतो. गुरांचं शिंग केसा-नखांच्या जातीचं असतं: भिंगाखाली समांतर थर, उजेडासमोर धरलं तर कडेला मधासारखं पारभासक, आणि जुनं झालं की कांद्यासारखं पापुद्रे सोडतं. सांबर-चितळाचं शिंग म्हणजे हाड: बाहेरून खडबडीत, आतून जाळीदार. पाइपाची तोटी पहिल्या प्रकारची असते. दुसऱ्याचा तुकडा नळीच्या मध्ये सांधा किंवा मूठ म्हणून येतो.

काळी तोटी अंगठ्यानं दहा-पंधरा सेकंद जोरात चोळून वास घ्या. जळक्या रबराचा, गंधकाचा वास आला तर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. उन्हानं ते हिरवट-तपकिरी पडतं. हा पदार्थच एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आला, त्यामुळे तोटी त्याआधीची असू शकत नाही. वास नाही, रंग जसाच्या तसा, दातांच्या खुणा कमी, तर ॲक्रिलिक.

पिवळी-नारिंगी तोटी पाहून लोक अंबर (झाडाचा गोठून दगड झालेला चीक) म्हणतात. अंबराला मराठीत तृणमणी म्हणतात, कारण लोकरीवर घासला की गवताची काडी ओढतो. ही परीक्षा नावातच आहे, पण प्लास्टिकही ती सहज पास होतं. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याची परीक्षा बरी: २५० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि सुटी तोटी त्यात सोडा. अंबर तरंगतं, १९०७ नंतरचं बेकेलाइट नावाचं प्लास्टिक बुडतं. धातूची कडी जडलेली असेल तर ही परीक्षा खोटी ठरते आणि कडीही गंजते, तेव्हा करू नका. पॉलिस्टायरीन प्लास्टिकही तरंगतं, म्हणून बुडणं हा पक्का नकार आहे, पण तरंगणं हा पक्का होकार नाही. झाल्यावर साध्या पाण्यानं धुऊन लगेच पुसा. तापलेली सुई टोचायची युक्ती बरेच जण सांगतात. अंबर असेल तर त्यानंतर त्यात एक भोक असेल, एवढाच तिचा फायदा.

धातू आणि ठसे

झाकण आणि कडी चांदीसारखी दिसते आणि त्यावर ‘अल्पाका’ असा शब्द असतो. ते आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त, चांदी नावाला नाही. चांदी असेल तर युरोपात ८००, ८३५ किंवा ९२५ असे शुद्धतेचे आकडे असतात. ब्रिटिश चांदीवर छोट्या ठशांची ओळ असते, त्यात जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन, आणि सोबतचं एकुलतं अक्षर वर्ष सांगतं.

लाकडावरच्या ठशांत सर्वांत फसवा म्हणजे ‘ब्रुयेर गारांती’. शेकडो पाइपांवर तो असतो आणि लोक त्याला कंपनीचं नाव समजून शोधत बसतात. त्याचा अर्थ फक्त ‘अस्सल ब्रायर, खात्रीचं’. जर्मन वस्तूंवरची डी. आर. जी. एम. ही चार अक्षरं म्हणजे तेव्हाच्या जर्मन साम्राज्यातली नोंदणी. ही पद्धत १८९१ साली सुरू झाली, त्यामुळे वस्तू त्याआधीची नाही. ‘पश्चिम जर्मनी’ लिहिलं असेल तर १९४९ ते १९९०. ‘युगोस्लाव्हिया’ किंवा ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशी देशांची नावंही तारखेचं काम करतात. देशाचं नाव इंग्रजीत असेल तर माल निर्यातीसाठी होता.

आता मुलूख

वाटीवर बिजागरीचं, भोकं पाडलेलं धातूचं झाकण. हे दिसलं की नजर मध्य युरोपाकडे वळवा. झाकण वाऱ्यासाठी आणि ठिणगीसाठी: गवताच्या गंज्या, लाकडी घरं, जंगल. अनेक जर्मन शहरांत उघड्यावर तंबाखू ओढण्यावर आगीच्या भीतीनं बंधनं होती. बर्लिनच्या रस्त्यांवरची बंदी तर १८४८च्या क्रांतीनंतरच उठली.

झाकणासोबत वाटीच्या खाली वेगळी कुपी असेल, म्हणजे इंग्रजी ‘वाय’सारख्या तुकड्यात एका तोंडात वाटी, दुसऱ्यात नळी आणि तळाशी बंद पोकळी, तर हा जोडपाइप: जर्मनी, ऑस्ट्रिया, बोहेमिया (आजच्या चेक देशातला भाग). धुरातली ओल त्या कुपीत साचते, कुपी काढून झटकता येते. वाटी चिनीमातीची किंवा लाकडाची, नळी सालीसकट चेरीची, मग रेशमी दोऱ्यांनी विणलेला लवचीक तुकडा, शेवटी शिंगाची तोटी. चार-पाच भाग, आणि वाटी कुपीत बसते ती बुचाच्या वेष्टनानं. व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये नळ्यांसाठी एक सुगंधी चेरी खास लावत. जुन्या नळीच्या सालीला नाकाजवळ धरलं तर वाळत्या गवतासारखा गोडसर वास अजून येऊ शकतो. याच घडणीचा आखूड, हाताएवढा, मध्ये हरणाच्या शिंगाचा तुकडा आणि हिरवा गोंडा असलेला प्रकार म्हणजे आल्प्समधला शिकारी पाइप. बव्हेरिया आणि टिरोलच्या पर्यटन दुकानांतही हाच मिळतो, तेव्हा वापराच्या खुणा पाहिल्याशिवाय वय ठरवू नका. मीटरभर लांब, चिनीमातीच्या वाटीवर सैनिक, पलटणीचा क्रमांक, माणसाचं नाव आणि दोन वर्षं रंगवलेली असतील, तर तो लष्करी सेवा संपवून घरी जाणाऱ्या जर्मन सैनिकाचा आठवणीचा पाइप, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काही दशकांतला. याच्या नकला भरपूर आहेत. नाव आणि चित्र एकाच छापील ठिपक्यांच्या जाळीत दिसलं तर नक्कल.

लाकडी वाटी, झाकण, आणि लाकडात बसवलेले शिंपल्याचे चकचकीत तुकडे. इथे बहुतेक जण ‘काश्मिरी’ किंवा ‘तुर्की’ म्हणून मोकळे होतात. स्लोव्हेनियातल्या बोहिन्य भागात, पोक्ल्युका पठाराच्या कडेला गोर्युशे नावाचं खेडं आहे. तिथल्या घराघरांतून बनणारा चेद्रा नावाचा पाइप नेमका असा असतो: बारीक रेषेचं लाकूड, त्यात शिंपल्याचं आणि धातूचं जडावकाम, वर धातूचं झाकण. भिंगानं शिंपल्याच्या कडा पाहा. हातानं कोरलेल्या खाचेत तुकडा किंचित वेडावाकडा बसतो आणि भोवतीच्या फटीत गडद डिंक-भुश्याचं भरण दिसतं. सगळे तुकडे हुबेहूब सारखे आणि लाकडाच्या पातळीच्या वर उठलेले असतील तर वरून चिकटवलेले आहेत.

सरळसोट, सव्वा-दीड मीटरपर्यंतची चेरीची किंवा जाईच्या लाकडाची नळी, कुठेही वाक नाही, वाटी छोटी, लाल मातीची, ठशांची नक्षी आणि कधी सोनेरी मुलामा. हा उस्मानी, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्यातला, चुबूक. वाटी जमिनीवर पितळी ताटलीत ठेवून माणूस गादीवर बसून ओढायचा, म्हणून एवढी लांबी. मातीची वाटी फुटून जाते आणि भेट म्हणून नुसती नळी येते, तेव्हा लोकांना ती बासरी वाटते. बोटांची भोकं नाहीत आणि एका टोकाला आत काळं, एवढं पुरेसं आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातल्या खोसा लोकांचा पाइप पूर्ण लाकडी, वाटी ताठ उभी, आत पत्र्याचं अस्तर; बायकांचा लांब, पुरुषांचा आखूड. नळीवर बारीक मण्यांचं विणकाम किंवा लाकडात ओतलेली शिशाची नक्षी. शिसं ओळखणं सोपं: मऊ, निस्तेज राखाडी, कागदावर रेघ उमटते. हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

मिझोरममध्ये पुरुषांचा पाइप बांबूच्या मुळाच्या गाठीतून कोरतात, त्याला वाईबेल म्हणतात. बायकांच्या पाइपाला खाली पाण्याचं बांबूचं नळकांडं असतं, आणि धूर पिऊन कडू झालेलं ते पाणी, तुईबुर, तोंडात धरायची तिथली सवय आहे. ईशान्येत बदली झालेल्या बँकवाल्या आणि फौजी मराठी घरांत अशा वस्तू भेट म्हणून येतात आणि ‘आफ्रिकन’ म्हणून शोकेसमध्ये बसतात. बांबूच्या मुळाची खूण न चुकणारी आहे: वाटीच्या बाहेर मुळं तुटल्याचे गोल ठिपके, एकाखाली एक ओळीनं. लाकडात तशी ओळ येत नाही.

वापरलेला की नवा, खरा जुना की केलेला जुना

वापरलेल्या वाटीच्या आत कोळशाचा थर असतो. तो वर पातळ आणि मधल्या उंचीवर जाड असतो, एक-दीड मिलिमीटरपर्यंत. कडेवर एकाच बाजूला जळकट डाग असतो, जिथून काडी लावायची सवय होती. झाकणाच्या आतल्या अंगाला काजळी, तोटीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला दातांचे खळगे, आणि अंगठा टेकतो तिथे नक्षी झिजलेली. हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं. वाटी काळीकुट्ट आणि तोटी कोरी असेल तर तोटी बदललेली आहे किंवा वाटीत काळा रंग दिला आहे. ओल्या कापसाच्या काडीला काजळी लागते, रंग बहुधा लागत नाही. नकली जुनेपणात खाचा आणि उंचवटे सारखेच गडद असतात. खरी झीज उंचवट्यांना उजळते आणि खाचांत मळ ठेवते.

भाग एकमेकांचे आहेत का, हेही बघा. जोडपाइपाची कुपी एकाची आणि वाटी दुसऱ्याची, असं जुन्या बाजारात सर्रास होतं. सांध्यावर दोन्हीकडची झीज, रंग आणि व्यास जुळतो का पाहा. अर्धा मिलिमीटरचा उंबरठा बोटाला लागतो. कागद किंवा सेलोटेप गुंडाळून बसवलेला सांधा म्हणजे लग्न नंतर लावलेलं.

पॉलिशची एक शेवटची परीक्षा, लपलेल्या जागी: स्पिरिटचा एक थेंब काडीनं लावा. चिकट झालं तर चपडा, जुन्या कामाला साजेसा. काहीच झालं नाही तर बहुधा आधुनिक प्लास्टिक जातीचं वॉर्निश. म्हणूनच आतली नळी स्पिरिटनं साफ करताना बाहेर एक थेंबही सांडू देऊ नका.

कायदा, थोडक्यात

पांढऱ्या तुकड्याच्या कापलेल्या टोकावर भिंगाखाली एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर तो हस्तिदंत असू शकतो; बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर हाड. हस्तिदंताच्या व्यापाराला भारतात बंदी आहे, तेव्हा अशी वस्तू विकायच्या किंवा पुढे भेट द्यायच्या आधी वनविभागाला विचारा. चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापारही बंद आहे, गळून पडलेल्या शिंगांचासुद्धा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही, म्हणजे पणजोबांचा पाइप अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत टाकायच्या आधी वय तपासा.

नोंद कशी लिहायची

एखाद्या संग्राहकाला किंवा संग्रहालयाला विचारताना ‘जुना लाकडी पाइप आहे, माहिती द्या’ एवढ्यानं उत्तर येत नाही. असं लिहा:

‘एकूण लांबी ३१ सेंमी, वजन ११८ ग्रॅम. पाच भाग. वाटी लाकडी, बाहेरून तपकिरी, खाचेत गुलाबट, छिद्रं नाहीत. आतला व्यास १९ मिमी, खोली ४४. आत लोखंडी अस्तर, चुंबक लागतो. झाकण जर्मन सिल्व्हर, ‘अल्पाका’ ठसा, सात भोकं, अंतरं असमान. खाली लाकडी कुपी, बुचाचा सांधा, बूच कोरडं. नळी सालीसकट चेरी, मध्ये हरणाच्या शिंगाचा ६ सेंमी तुकडा. तोटी गुरांच्या शिंगाची, दातांच्या खुणा, एक पापुद्रा सुटलेला. कोळशाचा थर १ मिमी. देणाऱ्याच्या म्हणण्यानुसार साल्झबर्गच्या जुन्या बाजारातून.’

जाणकार माणूस एवढ्यावरून फोटो न पाहताही आल्प्सचा शिकारी पाइप म्हणेल, आणि पुढचा प्रश्न विचारेल तो झाकणाच्या बिजागरीचा. तिचा फोटो आधीच काढून ठेवा.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको; पावसाळ्यात तिच्यात बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा, भाग सुटे ठेवा, बूच खाचेत दाबून ठेवू नका. खाली काळा कागद अंथरून पंधरा दिवसांनी पाहा: पिठासारखी फिकट भुकटी पडली असेल तर लाकडात भुंगा आहे, तो पाइप घरातल्या फर्निचरपासून लगेच वेगळा काढा. नोंदीची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा आणि नळीला सुती दोऱ्यानं बांधा. चिकटपट्टी लावलीत तर ती काढताना चपडाही सोबत निघून येतो.